भावाचा पट्टा, बहिणीचा हात



माझा धाकटा भाऊ मुंबईहून अमेरिकेला गेला आणि मी इकडे ईस्राएलात आले. निवृत्त झाल्यावर त्याला कातडी पट्ट्यांवर फुलं कोरायचा नाद लागला. गेल्या वर्षी त्याच्या हाताला कंप सुटला. त्याने हत्यारांची पेटी आणि अर्धा कोरलेला पट्टा मला पाठवून दिला. फोनवर म्हणाला, "ताई, तू जन्मभर नर्सचं काम केलंस, तुझा हात स्थिर आहे. एवढा पुरा कर. नातवासाठी आहे."

मी टाके काढले, इंजेक्शनं दिली, पण फूल कधी कोरलं नव्हतं. महिनाभर टाकाऊ तुकड्यांवर सराव केला.

ही नक्षी शेरिडन पद्धतीची. वायोमिंग राज्यातल्या शेरिडन गावचे खोगीर बनवणारे डॉन किंग यांनी ती नावारूपाला आणली. १९९१ साली त्यांना अमेरिकेचा राष्ट्रीय लोककला सन्मान मिळाला. २००७ साली ते वारले. लहान लहान रानगुलाब आणि एकमेकांत गुंतलेली देठांची वर्तुळं, ही तिची खूण.

कातडं मात्र झाडाच्या सालीने कमावलेलं लागतं. आपल्या कोल्हापुरी चपलांचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्याच जातीचं. क्रोमियमने कमावलेल्या मऊ कातड्यावर ठसा टिकत नाही.

आधी ओल्या स्पंजने कातडं भिजवायचं. मूळ रंग परत येऊ लागला, पण हाताला गार लागतंय, की कोरायला घ्यायचं. सुरीच्या डोक्यावरच्या खाचेत तर्जनी ठेवायची आणि बाकीच्या बोटांनी दांडी फिरवत पातं आपल्याकडे ओढायचं. चीर अर्ध्या जाडीपेक्षा खोल नको. मग चिरेच्या एका बाजूला ठसा धरून मोगरीने ठोकायचं. ती बाजू दबते आणि फूल वर आल्यासारखं दिसतं.

माणसाची कातडी भरून येते, ही येत नाही. माझ्या हातून एक चूक झाली. ओल्या पट्ट्यावर लोखंडी चिमटा रात्रभर राहिला आणि सकाळी काळा डाग! सालीतलं टॅनिन आणि लोखंड मिळून शाईच तयार होते. लिंबाच्या रसाने डाग फिका झाला, पुरता गेला नाही. दोन दिवस मी भावाला फोन केला नाही.

शेवटी पट्टा दिवसभर वाळवला. मग रंग, थोडं तेल आणि वरून गडद मलम लावून लगेच पुसलं. मलम चिरांत बसतं आणि नक्षी उठून दिसते. कडांचे कोपरे तासले, पाणी लावून गुळगुळीत लाकडाने चमक येईपर्यंत घासले. पाच भोकं पाडली. मधलं भोक मापाचं, म्हणजे माणूस जाड झाला काय, बारीक झाला काय, पट्टा चालतो.

पट्टा पोचल्यावर भावाचा फोन आला. "ताई, सहाव्या फुलापासून तुझं काम."

"डागावरून ओळखलंस?"

"डाग कुठला? माझी रेघ शेवटी बारीक होत जाते. तुझी एकदम थांबते, इंजेक्शन दिल्यासारखी."

दोघंही खूप हसलो. नातू आता तो पट्टा रोज बांधतो.

मुलांनो, तुम्हाला शिकायचं असेल तर हाताच्या पंजाएवढ्या तुकड्यापासून सुरुवात करा. पातं धारदार असतं, म्हणून मोठं माणूस जवळ बसवा. आणि लोखंडी चिमटा लांब ठेवा!