पदवीनंतरची चार वर्षे

निकाल लागले, की आमच्या घरी पेढ्यांचे पुडे येऊ लागतात. नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले, त्याची ही मिळकत! मुलगा किंवा मुलगी वाकून नमस्कार करते, मी विचारतो, "आता पुढे काय?" उत्तर बहुधा ठरलेले असते. "एमपीएससी करतोय, सर." हे 'करतोय' मोठे विलक्षण आहे. त्यात शिक्षण चालू आहे असे नाही, नोकरी लागली असेही नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायला मात्र ते पुरते.

प्रत्येक पिढीची एक लाट असते. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि घरोघरी 'आमचा बाळ इंजिनीअर होणार' सुरू झाले. आताची लाट स्पर्धा परीक्षांची. २०१६ मध्ये राज्य शासनाने खुल्या गटाची कमाल वयोमर्यादा ३३ वरून ३८ वर्षांवर नेली. त्यामुळे अनेकांना संधी मिळाली हे खरेच; पण थांबायचे कधी, हा प्रश्न पाच वर्षे पुढे ढकलला गेला, हेही तितकेच खरे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेत १,०१६ उमेदवारांची शिफारस झाली. पूर्वपरीक्षेला बसले होते सुमारे सहा लाख! उरलेल्यांचे काय झाले, ते कुठल्या वर्तमानपत्रात छापून येत नाही. ते आपापल्या घरी माहीत असते.

आमच्या घरातलेच सांगतो. माझी भाची द्राक्षबागाईतदाराची मुलगी. २०१७ मध्ये रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाली, पहिल्या वर्गात. मग पुणे. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा, अभ्यासिकेची फी, मेसचा डबा. पहिल्या वर्षी पूर्वपरीक्षा निघाली, मुख्य परीक्षेत अडकली. दुसऱ्या वर्षी पूर्वपरीक्षाही गेली. तिसऱ्या वर्षी करोना आला, परीक्षा पुढे पुढे जात राहिली आणि पोरगी पुस्तकांची खोकी घेऊन गावी परतली. दाजी एका शब्दाने बोलले नाहीत. ताई मात्र रात्री फोन करायची. "अरे, तिच्याबरोबरीच्यांची लग्नं झाली. हिला विचारायचं तरी काय?" पोरीला फोन दिला, तर ती म्हणायची, "मामा, आता सोडलं तर चार वर्षं पाण्यात गेली असं होईल ना?" या प्रश्नापाशी कितीतरी मुले अडकून पडतात. गेलेली वर्षे वाया जाऊ नयेत म्हणून आणखी एक वर्ष घालतात.

२०२१ च्या हंगामात दाजींना द्राक्षांचा नमुना तपासायला द्यायचा होता. गुडघे दुखत होते म्हणून सोबत लेकीला नेले. आता हे तपासणी प्रकरण बिगरशेतकरी वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडल्याने भारतातली द्राक्षे युरोपात अडकली. बागाईतदार त्याला 'सीसीसी' म्हणतात. त्या वर्षी दाजींचा निर्यातीचा माल मिळेल त्या भावाने गावच्या बाजारात गेला होता. तेव्हा ही शाळकरी पोर होती. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवून दिलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मुभा आहे. म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम! हे मोजणाऱ्या प्रयोगशाळा द्राक्षपट्ट्याला आज पाण्याइतक्याच गरजेच्या झाल्या आहेत.

नमुना दळायचा, त्यातले औषध विद्रावकात उतरवायचे आणि यंत्रात सोडून एकेक घटक वेगळा ओळखायचा. यंत्र लाखो रुपयांचे, पण त्यामागचे तत्त्व पदवीच्या पहिल्या वर्षी शाईचा ठिपका गाळणकागदावर चढवून मुले पाहतात तेच. भाचीने तिथल्या मुलीला दोन-चार प्रश्न विचारले. त्या मुलीने तिला आत नेऊन आलेख दाखवला. दाजी बाहेर बाकावर तासभर बसून राहिले.

२०२२ मध्ये ती तशाच एका प्रयोगशाळेत प्रशिक्षणार्थी म्हणून लागली. पहिला पगार पुण्यातल्या तिच्या महिन्याच्या खर्चाहून थोडासाच अधिक होता. हंगामात रात्रीचे दहा वाजतात, विद्रावकांच्या वासाने डोके चढते. पण आपल्या सहीच्या अहवालावर कुणाचा तरी माल समुद्रापार जातो, हे तिला ठाऊक असते. ताईचे फोनही आता वेगळ्या विषयांवर असतात.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास फुकट असतो, असे मी म्हणत नाही. माझा एक विद्यार्थी नायब तहसीलदार झाला. पण तो सकाळी अभ्यास करून दिवसा औषधाच्या दुकानात काम करी आणि 'दोन प्रयत्न, मग बी. एड.' असे त्याने वडिलांना आधीच सांगून ठेवले होते. तारीख आधी ठरवलेली असली, की ती पाळताना पराभव वाटत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी एवढे तरी करावे. पैसे पाठवताना तारखेबद्दलही बोलावे. ते बोलणे अवघड असते, म्हणून आपण नुसते पैसेच पाठवतो.

दुसरी गोष्ट महाविद्यालयांची. तीन वर्षांत मुलांना अडीच-तीन हजार पाने वाचायला लावतो, पण त्या विषयावर पोट भरणारा एक माणूस त्यांना भेटत नाही. प्रयोगशाळा वीस किलोमीटरवर आहे आणि मुलीला ती दिसते चार वर्षांनी, तीही बापाचे गुडघे दुखले म्हणून! २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक दिले आहेत. कागदावर ते उत्तम आहे. ओळखीच्या दुकानातून शिक्का आणून वही भरली, तर मात्र पूर्वीचेच बरे.

भाचीचा धाकटा भाऊ यंदा बारावी झाला. कोणती शाखा घ्यावी म्हणून दाजींनी विचारले, तेव्हा मी म्हटले, आधी सुट्टीत त्याला माणसांमागे हिंडू द्या. त्याने एक दिवस बँकेत काढला, एक पॅकहाऊसमध्ये, एक जनावरांच्या डॉक्टरांच्या मोटारसायकलवर मागे बसून. त्या दिवशी अडलेली गाय सोडवताना कोपरापर्यंत हात माखलेले पाहून तो जेवला नाही, असे ताई सांगत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा डॉक्टरांच्या दारात उभा होता.