वर्ग आणि शिकवणी केंद्र यांचा ताळमेळ

बारावीपर्यंत मुलांच्या शिकवणीची चिंता वाहणारी आपल्या समाजातील अनेक कुटुंबे, मुले वाणिज्य शाखेच्या पदवीवर्गात गेली की काहीशी निर्धास्त होतात. दुकानाला हातभार लागेल आणि पदवीही होईल, असा दुहेरी हिशेब त्यामागे असतो. प्रत्यक्षात खरी अडचण येथेच सुरू होते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे पहिल्याच सत्रात इंग्रजी परिभाषेतील लेखाशास्त्र आणि सांख्यिकी उभे राहते. वर्ग मोठा असतो, शंका विचारण्याचा संकोच असतो आणि दुपारनंतर गुलमंडीवरील वा मोंढ्यातील दुकानात बसायचे असते. एक विषय राहतो, मग ए.टी.के.टी., मग खासगी क्लास आणि अखेरीस ‘याला शिक्षणात गती नाही’ हा घरचा निष्कर्ष. मुलीच्या बाबतीत हा निष्कर्ष अधिक लवकर काढला जातो.

या अडचणीवरील उपाय महाविद्यालयाच्या आवारातच असू शकतो. तो म्हणजे शिकवणी केंद्र. अशा केंद्राची कल्पना आपल्याकडे नवी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी उपचारात्मक अध्यापनाची, म्हणजे ‘रेमेडियल कोचिंग’ची योजना राबविली होती. जैन समाजाला राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा २०१४ च्या जानेवारीत मिळाला. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी ‘नॅक’ ही संस्थाही, मंदगतीने व जलदगतीने शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालय काय करते, अशी विचारणा करीत आली आहे. त्यामुळे कागदोपत्री व्यवस्था बहुतेक ठिकाणी आढळते. तथापि कागदावर वेळापत्रक असूनही खोली ओस पडते, हे चित्र अपरिचित नाही. याचे प्रमुख कारण पैशाचा वा जागेचा अभाव नसून, वर्गात शिकविणारे प्राध्यापक आणि केंद्र यांच्यातील तुटलेपण हे आहे.

प्रश्नाला मान देणारे नाव

छत्रपती संभाजीनगरच्या शैक्षणिक इतिहासात या विषयाला एक सुंदर संदर्भ आहे. निजामी राजवटीत उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय अत्यल्प होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, जून १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला ‘मिलिंद’ हे नाव देण्यात आले आणि परिसर ‘नागसेनवन’ म्हणून ओळखला जाऊ लागला. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. त्याने नागसेन या बौद्ध भिक्षूला विचारलेल्या प्रश्नांचा ‘मिलिंद पन्ह’ हा पाली ग्रंथ प्रसिद्ध आहे. महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव आणि परिसराला उत्तर देणाऱ्याचे नाव, असा हा योग आहे. घरात उच्च शिक्षणाची परंपरा नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी उभ्या राहिलेल्या या संस्थेच्या नावातच प्रश्न विचारणे सन्मानाचे ठरले.

जैन परंपरेतही स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचणे, विचारणे, मनन करणे, शुद्ध आवृत्ती करणे आणि इतरांना सांगणे, असा हा क्रम आहे. महाविद्यालयीन व्याख्यानात पहिला प्रकार तेवढा होतो. विचारणे, घोकून पक्के करणे आणि दुसऱ्याला समजावून सांगणे यांना मोठ्या वर्गात जागा मिळत नाही. शिकवणी केंद्राने भरून काढायची उणीव नेमकी हीच आहे.

कच्चा विद्यार्थी नव्हे, अवघड विषय

विद्यार्थी केंद्राकडे न फिरकण्याचे पहिले कारण म्हणजे त्याच्या दारावर लागलेला शिक्का. ‘मंदगती विद्यार्थ्यांसाठी’ अशी पाटी असलेल्या खोलीत कोणता तरुण वर्गमित्रांच्या देखत पाऊल टाकील? अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेने १९७३ मध्ये या पेचातून मार्ग काढला. ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’ या नावाने पुढे अनेक देशांत गेलेल्या या पद्धतीत कच्चे विद्यार्थी निवडले जात नाहीत, तर अवघड विषय निवडले जातात. ज्या विषयात सुमारे तीस टक्के वा अधिक विद्यार्थी अत्यंत कमी श्रेणी मिळवतात, नापास होतात किंवा तो मध्येच सोडतात, त्या विषयाला केंद्र जोडले जाते. तो विषय पूर्वी उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेला वरच्या वर्गातील विद्यार्थी पुन्हा व्याख्यानांना बसतो, टिपणे घेतो आणि आठवड्यातून काही वेळा सर्वांसाठी खुले सत्र घेतो. तो गुण देत नाही आणि उपस्थितीची सक्तीही नसते. महत्त्वाची गोष्ट अशी की, संबंधित प्राध्यापकांची संमती असल्याशिवाय त्यांच्या विषयाला हे साहाय्य जोडले जात नाही.

वरच्या वर्गातील मुलाने खालच्या वर्गाला शिकविणे ही कल्पना परदेशातून आयात करण्याचीही गरज नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयाची शाळा चालविणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेतील मुलांना वाळूत अक्षरे गिरवताना पाहिले, तीच रीत आपल्या शाळेत लहानग्यांना शिकविणाऱ्या मोठ्या मुलांकरवी रुजविली आणि १७९७ मध्ये आपल्या प्रयोगाचे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध केले. पुढे तीच ‘मद्रास पद्धत’ म्हणून इंग्लंडमध्ये गाजली.

‘ही नोंद कोणाच्या खात्याची?’

केंद्र आणि प्राध्यापक यांचा संबंध कसा असावा, हे लेखाशास्त्रातील एका उदाहरणाने स्पष्ट होईल. व्यापारी घरातील मुलाने लहानपणापासून रोकडवही पाहिलेली असते. त्या वहीत आलेली रक्कम डाव्या हाताला, जमेच्या बाजूला लिहितात. महाविद्यालयातील रोकड पुस्तकातही आलेली रक्कम डावीकडेच लिहितात. पण ती बाजू असते नावे. त्यातच बँकेचे पासबुक हाती येते. दुकानाने बँकेत भरलेले पन्नास हजार रुपये पासबुकात जमा दिसतात आणि दुकानाच्या पुस्तकात बँक खाते मात्र नावे पडते. ज्या मुलाला खरे तर इतरांपेक्षा अधिक माहिती आहे, तोच अधिक गोंधळतो आणि बँक जुळवणी पत्रकाचे उदाहरण चुकवतो. उत्तरपत्रिकेत केवळ चूक दिसते. चुकीचे मूळ दिसत नाही.

केंद्रातील जाणत्या मार्गदर्शकाने येथे उदाहरण सोडवून देऊ नये. त्याने विचारावे : ही वही कोणाची? आणि ही नोंद कोणाच्या खात्याची? घरच्या रोकडवहीतील ‘जमा’ हा शब्द रक्कम देणाऱ्याच्या खात्याला उद्देशून आहे, पुस्तकातील ‘नावे’ हा रोकड खात्याला उद्देशून आहे आणि पासबुक ही मुळात बँकेच्या वहीची प्रत आहे, एवढे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या तोंडून आले की गाठ सुटते. अशी गाठ पाच-सहा मुलांची आहे, हे केंद्राने प्राध्यापकांना कळविले, तर पुढील व्याख्यानात दहा मिनिटांत ती साऱ्या वर्गाची सुटू शकते. कळविलेच नाही, तर केंद्र दरवर्षी तीच गाठ एकेका मुलासाठी सोडवत बसते.

प्राध्यापकांकडून काय अपेक्षित आहे

पहिली गोष्ट मार्गदर्शकांच्या निवडीची. केवळ गुणपत्रिका पाहून निवड करू नये. ज्याला दुसऱ्याची चूक ऐकून घेण्याचा संयम आहे आणि जो कन्नड-सिल्लोडकडून आलेल्या मुलाशी त्याच्या बोलीत बोलू शकतो, असा विद्यार्थी प्राध्यापकांनाच ठाऊक असतो.

दुसरी गोष्ट साहित्याची. सत्राचे आठवडावार नियोजन, सरावाची उदाहरणे आणि उत्तर मांडण्याची अपेक्षित पद्धत केंद्राकडे आधीच असावी. घसाऱ्याचे उदाहरण वर्गात एका नमुन्यात आणि केंद्रात दुसऱ्या नमुन्यात शिकविले गेले, तर विद्यार्थ्याचा दोन्हींवरील विश्वास उडतो.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्याला पाठविण्याच्या रीतीची. ‘तू केंद्रात जा’ असे मोघम सांगणे म्हणजे त्याला कमी लेखणे होय. त्याऐवजी नेमकी चिठ्ठी द्यावी. एक लाखाच्या यंत्रावर दहा टक्के घसारा घटत्या शिल्लक पद्धतीने काढताना पहिल्या वर्षी दहा हजार आणि दुसऱ्या वर्षी नऊ हजार येतात. विद्यार्थ्याने दोन्ही वर्षी दहा हजार लिहिले असतील, तर चिठ्ठीत तेवढेच नमूद करावे. ही चिठ्ठी पहिल्या अंतर्गत चाचणीनंतर लगेच जावी. निकालानंतर दिलेली चिठ्ठी म्हणजे खाते बुडाल्यावर केलेला तगादा.

चौथी गोष्ट मर्यादेची. मार्गदर्शकाने गृहपाठ लिहून देऊ नये आणि केंद्रातील उपस्थितीचा अंतर्गत गुणांशी संबंध जोडू नये. कोणता भाग अडतो हे प्राध्यापकांना कळावे. कोणत्या मुलाने कोणता भाबडा प्रश्न विचारला, हे कळण्याचे कारण नाही.

पाचवी गोष्ट नोंदवहीची. तारीख, विषय, घटक आणि वेळ एवढे चार रकाने पुरेत. सत्राअखेरीस आलेल्या व न आलेल्या विद्यार्थ्यांचे निकाल ताडून पाहावेत. पण हिशेब प्रामाणिक असावा. केंद्रात येणारा मुळातच अधिक धडपड्या असू शकतो, म्हणून सगळे श्रेय केंद्राच्या खाती जमा करणे योग्य नव्हे. बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये व्यक्तिगत शिकवणीचा विलक्षण मोठा परिणाम नोंदविला होता. नंतरच्या अभ्यासकांना मात्र लाभ आढळला तरी तो इतका मोठा आढळला नाही. अपेक्षा माफक ठेवून काम नियमित ठेवणे हेच श्रेयस्कर.

वेळेचा आणि पैशाचा प्रश्न

प्राध्यापकांना वेळ कोठून मिळणार, हा आक्षेप रास्त आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार पूर्णवेळ अध्यापकाचा कार्यभार आठवड्याला किमान ४० तासांचा असून सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन १६ तासांचे आहे. उरलेल्या वेळात संशोधन, परीक्षा आणि प्रशासकीय कामे असतात, हे खरे. तरीही त्यातील एक तास आपल्या खोलीऐवजी केंद्रात बसून काढला, तर विद्यार्थ्यांच्या मनातील भिंत पडते. तासिका तत्त्वावरील अध्यापकांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना तासाप्रमाणे मानधन मिळते; त्यांच्याकडून केंद्राचे काम विनामूल्य अपेक्षिणे हा अन्याय होईल.

विद्यार्थी-मार्गदर्शकांनाही मोबदला मिळावा. ‘कमवा आणि शिका’ योजनेत सहसा ग्रंथालय, कार्यालय वा बागेतील काम दिले जाते. त्याच योजनेत शिकवणीचे काम धरता येईल. ही योजना महाराष्ट्रात रुजविणारे कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजच्या जैन घरात १८८७ मध्ये जन्मले. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करण्यापूर्वी ते साताऱ्यात शिकवण्या घेत आणि ‘पाटील मास्तर’ म्हणून ओळखले जात. शिकवणीतून संस्थेकडे झालेला त्यांचा प्रवास या संदर्भात आठवावा असाच आहे.

समाजाचा वाटा

ज्ञानदानाचे महत्त्व आपल्या समाजाला सांगावे लागत नाही. वसतिगृहे, गुरुकुले आणि शाळा यांना समाजाने मुक्तहस्ते साहाय्य केले आहे. मात्र देणगी म्हटली की इमारत, सभागृह आणि संगमरवरी नामफलक डोळ्यांपुढे येतात. वर्षभर दोन विषयांसाठी चार विद्यार्थी-मार्गदर्शकांचे मानधन हीदेखील देणगीच आहे. तिच्यावर नाव कोरता येत नाही, इतकेच.

पैशापलीकडेही देण्यासारखे पुष्कळ आहे. निवृत्त बँक अधिकारी, सनदी लेखापाल आणि करसल्लागार यांनी आठवड्यातून एक तास द्यावा. परंतु प्राध्यापकांशी बोलून, त्यांच्या नियोजनाप्रमाणे द्यावा. स्वतंत्र क्लास थाटल्याप्रमाणे शिकविल्यास साहाय्यापेक्षा गोंधळच वाढेल. महाविद्यालयांनी केंद्राची वेळ दुकानांच्या आणि गावाकडे जाणाऱ्या बसच्या वेळा पाहून ठरवावी. संध्याकाळी पाचचे सत्र दुकानात बसणाऱ्या मुलाच्या उपयोगाचे नाही आणि पैठणहून येणाऱ्या मुलीच्याही नाही.

पालकांनी करावयाची गोष्ट सर्वांत साधी आहे. मुलाने वा मुलीने ‘आज कॉलेजात थांबून उदाहरणे सोडवायची आहेत’ असे सांगितले, तर त्या दिवशी गल्ल्यावर दुसऱ्या कोणाला तरी बसवावे. आणि पुढच्या वेळी प्राध्यापकांची भेट झाली, तर गुण किती पडले एवढेच न विचारता, कोणता भाग अडतो आहे आणि त्यासाठी केंद्रात कोण बसते, हेही विचारावे.