चिमूटभर भुकटी

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा रस्ता आणि सुरतेहून नागपूरकडे जाणारा, पूर्वी ६ व आता ५३ हा क्रमांक धारण करणारा महामार्ग हे दोन्ही धुळ्यास परस्परांस छेदतात. त्यांपैकी दुसऱ्यावर, पारोळ्याच्या वाटेला लागलेल्या एका गॅरेजात, जळगावच्या बाजूस खडी वाहणाऱ्या दहाचाकी टिपरच्या डिफरन्शियलचे व हबांचे तेल बदलण्याचे काम मी एक अख्खी सकाळ पाहत बसलो होतो.

तिथल्या मिस्त्रींचा पहिला शिरस्ता असा की, गाडी थोडी फिरवून तेल तापल्यावाचून पान्याला हात लावावयाचा नाही. आणि दुसरा, जो मला अधिक मोलाचा वाटला, तो हा की, तळाचा प्लग सोडण्यापूर्वी तेल भरावयाचा वरचा प्लग सुटतो याची खातरजमा करावयाची, कारण जुने तेल वाहून गेल्यावर वरचा प्लग गंजून अडकल्याचे ध्यानी आले, तर गाडी जागची हलविण्याचीही सोय उरत नाही.

तळाचा प्लग सुटताच गंधकाचा उग्र दर्प पसरला आणि काळी, जाड धार घमेल्यात उतरू लागली. प्लगच्या टोकास असलेल्या चुंबकावर करड्या लेपासारखे काही जमले होते. मिस्त्रींनी ते अंगठा व तर्जनी यांत हळूहळू चोळले, उन्हाकडे धरले आणि म्हणाले, “तुकडा नही शे भाऊ, भुकटी शे.” चालकाच्या मुद्रेवरील ताण तत्क्षणी ओसरला. क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर घासताना भुकटी झडणारच. टणक कपची हाती लागली असती, तर तो दात तुटल्याचा दाखला ठरला असता, आणि तेल दुधाळ दिसले असते तर पाणी शिरल्याचा. माझ्या मते या कामातील खरी विद्या या वाचनातच आहे. तेल ओतणे कोणासही साधेल.

हबांचे काम सबुरीचे. या गाडीच्या मागच्या चारही हबांत दंतचक्रांचा स्वतंत्र संच असल्याने प्रत्येक चाक जॅकवर उचलून, छिद्र अगदी खाली आणून जुने तेल काढावयाचे, मग पातळीची रेघ जमिनीस समांतर येईल असे चाक फिरवून, छिद्राच्या काठापर्यंतच नवे भरावयाचे. अधिक भरले, किंवा हौसिंगवरचा ब्रीदर मातीने तुंबला, तर तेल सीलमधून वाट काढून ब्रेकच्या लायनरवर उतरते. आणि लळिंगच्या घाटात तेलकट लायनर म्हणजे काय, हे खानदेशातल्या चालकास सांगावे लागत नाही.

दोन्ही डिफरन्शियल भरून झाल्यावर मिस्त्री काही वेळ नुसते बसून राहिले, कारण जाड तेल कोपऱ्यांत पाझरते तशी पातळी उतरते. मग करंगळी घालून पाहिली, थोडे आणखी ओतले, काठावरून थेंब ओघळला तेव्हा नवा वायसर घालून प्लग आवळला. चालकाने दाराच्या आतल्या अंगास पांढऱ्या रंगाने तारीख आणि किलोमीटर लिहिले.