मोहोर मालकापाशीच राहावी

दप्तरातील आदेशाचा मसुदा कारकून तयार करतो, स्वच्छ प्रतही तोच काढतो. परंतु मोहोर मात्र अधिकाऱ्याच्या कुलपात असते. संगणकांमधील सुरक्षित संदेशवहनातही हाच दंडक पाळता येतो.

दोन संगणकांत सुरक्षित संपर्क प्रस्थापित होताना आपली ओळख पटविण्यासाठी अंकीय स्वाक्षरी करावी लागते. ती ‘खासगी किल्ली’ने होते आणि प्रमाणपत्रातील ‘सार्वजनिक किल्ली’ने पडताळली जाते. हे काम करणाऱ्या तयार आज्ञावलींच्या संग्रहास ‘लायब्ररी’ म्हणतात. सामान्यतः खासगी किल्ली या लायब्ररीच्याच स्वाधीन केली जाते.

यातील धोका एप्रिल 2014 मध्ये जगापुढे आला. ‘ओपनएसएसएल’ या लायब्ररीतील ‘हार्टब्लीड’ नामक दोषामुळे परक्या व्यक्तीस एका वेळी 64 किलोबाइटपर्यंत स्मृतीतील मजकूर वाचता येत असे. त्यात खासगी किल्लीही सापडू शकत होती.

कॉलबॅकची योजना

यावर एक उपाय म्हणजे स्वाक्षरीचे काम लायब्ररीबाहेर ठेवणे. ‘जीएनयूटीएलएस’ या लायब्ररीत कार्यक्रमकाराला स्वतःचे स्वाक्षरी-कार्य नेमून देता येते. स्वाक्षरीची वेळ आली की लायब्ररी त्या कार्यास बोलावते. यासच ‘कॉलबॅक’ म्हणतात. लायब्ररी केवळ स्वाक्षरी करावयाचा मजकूर किंवा त्याचा सारांश पाठविते. नेमलेले कार्य तो टोकनकडे अथवा स्मार्टकार्डाकडे नेते, तेथे स्वाक्षरी होते आणि तेवढीच परत येते. किल्ली उपकरणाबाहेर पडत नाही. स्वाक्षरी नाकारली गेल्यास संपर्कही जुळत नाही.

दक्षता हवीच

तथापि, या योजनेलाही मर्यादा आहे. किल्ली चोरीस गेली नाही, तरी टोकन आणि त्याचा गुप्त क्रमांक ज्याच्या हाती, त्याला स्वाक्षरी करता येते. हात कोणाचा, हे उपकरण ओळखत नाही. सरपंचांनी वा अधिकाऱ्यांनी सोयीसाठी दोन्ही वस्तू दुसऱ्याकडे सोपविल्या, तर कुलपाची किल्ली कुलपालाच अडकवून ठेवल्यासारखे होईल.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 42 नुसार खासगी किल्लीवर आपले नियंत्रण राहील, अशी वाजवी काळजी घेणे हे प्रमाणपत्रधारकाचे कर्तव्य आहे. किल्ली धोक्यात आल्यास प्रमाणन प्राधिकाऱ्यास विनाविलंब कळविणेही त्यास बंधनकारक आहे.

यंत्राने मोहोर कुलपात ठेवण्याची सोय केली आहे. ती तेथेच राहील, हे पाहण्याची जबाबदारी मात्र स्वाक्षरी करणाऱ्याचीच आहे.