झुंबर घासण्याआधी प्रश्न ठरवा

समजा, सोनपेठच्या एका घरात पितळ आणि काचेचं झुंबर आहे. मालक म्हणतात, ‘1950 च्या दशकातलं आहे, स्वीडनचं.’ तुम्हाला खरंखोटं तपासायचंय. तर आधी चिंच लावून घासू नका.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. हवेमुळे त्यावर काळपट थर चढतो. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तो थर काढतं, लकाकी येते आणि पुरावा जातो. एक्स-रे फ्लुरोसन्स यंत्र तर धातूचा फक्त वरचा पातळ थर वाचतं. म्हणून आधी फोटो काढा, मग ठिकठिकाणी मोजा, नोंदी ठेवा.

आता खरी मेख. ‘हे स्वीडनचं आहे का?’ याचं उत्तर नुसतं पितळ देणार नाही, कारण तशाच प्रमाणाचं पितळ कुठेही बनतं. पण ‘सगळ्या फांद्या एकाच पितळाच्या आहेत का?’ याचं उत्तर देऊ शकतं. एखादी वेगळी निघाली, तर ती नंतर बदलली असावी. होल्डरही बघा: तिकडे आट्यांचा, आपल्याकडे जास्त करून पिनांचा. पण तोही बदललेला असू शकतो.

पीएचडीचा विषय निवडतानाही हेच विचारा: माझी मोजणी या प्रश्नाचं उत्तर देऊ शकते का?