मानद वाणिज्यदूत म्हणजे नेमका कोण?

परवा सांगलीत मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याने मला एक व्हिजिटिंग कार्ड दाखवलं. मुंबईच्या कारखानदाराचं नाव, खाली 'मानद वाणिज्यदूत', कोपऱ्यात परक्या देशाची राजमुद्रा. "हा भारतीयच की! मग त्यांचा दूत कसा?"

प्रश्न रास्त आहे.

या पदाला पगार नसतो. यासाठी परीक्षा नाही, अर्जही बहुधा नाही. तो देश आपल्या इथल्या दूतावासामार्फत माणूस हेरतो. शहरात वजन, व्यापारी ओळखी आणि स्वच्छ नाव बघतो. मग त्या देशाचं सरकार नेमणुकीचं पत्र देतं.

पण तेवढ्यावर भागत नाही. आपल्या सरकारची मंजुरी लागते. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार आपलाच नागरिक नेमायचा, तर आपली स्पष्ट संमती हवी. संरक्षणही फक्त पदाच्या कामापुरतं. घरच्यांना काहीच नाही. (सिग्नल तोडला तर पावती फाटणारच!)

मंजुरीचं मोल सातारकरांना वेगळं सांगायला नको. १८३९ मध्ये पदच्युत झालेल्या साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचे वकील, म्हणजे दूत, रंगो बापूजी गुप्ते तेरा-चौदा वर्षं लंडनमध्ये झगडले. महाराज १८४७ मध्ये काशीत वारले, तरी ते मागे हटले नाहीत. नेमणूक पक्की होती, पण ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना अधिकृत वकील मानलंच नाही.

व्यापाऱ्याला मी एवढंच म्हटलं, "या वाणिज्यदूताकडून कागद साक्षांकित करून घ्यायचे असतील तर आधी फोन करून विचारा. प्रत्येक मानद वाणिज्यदूताला सगळे अधिकार नसतात."