फाईलला कुलूप, किल्ली चोराकडे

संगणकातल्या फोटोवर क्लिक केले, पण तो उघडत नाही. फाईलच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरे चिकटलेली दिसतात आणि नेहमीचे चिन्ह जाऊन कोरा पांढरा कागद आलेला असतो. शेजारच्या फोल्डरचेही तेच. प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजी मजकुराची एक नवी फाईल येऊन बसलेली असते. 'तुमच्या सर्व फाईल कुलूपबंद केल्या आहेत, त्या हव्या असतील तर पैसे भरा,' असा तिचा मथितार्थ.

बीड जिल्ह्यात 'खंडणी' हा शब्द गेल्या काही काळात बातम्यांत सारखा येत राहिला. संगणकावरून मागितल्या जाणाऱ्या खंडणीची मात्र फारशी चर्चा होत नाही. तिला रॅन्समवेअर म्हणतात. अंबाजोगाईतला फोटो स्टुडिओ असो, गेवराईतले आपले सरकार सेवा केंद्र असो की माजलगावच्या घरातला मुलांच्या अभ्यासाचा संगणक, धोका सगळीकडे सारखाच. मोठ्या कंपनीकडे निदान तज्ज्ञ असतात. घरात लग्नाचे फोटो, सातबाराच्या स्कॅन प्रती, कागदपत्रे आणि प्रबंध एकाच हार्ड डिस्कवर असतात आणि दुसरी प्रत कुठेच नसते.

हे कुलूप गणिताचे असते. संगणकात शिरलेला प्रोग्राम फाईल जागेवरच ठेवतो, पण तिच्यातला मजकूर विस्कटून टाकतो. यात कुलूप लावायची किल्ली वेगळी आणि उघडायची वेगळी असते. लावायची किल्ली संगणकात येते, उघडायची हल्लेखोराकडेच राहते. म्हणून अंदाजाने पासवर्ड टाकत बसून उपयोग नसतो.

ओळखायचे कसे?

सगळ्याच धमक्या खऱ्या नसतात. इंटरनेटवर काही पाहत असताना अचानक पडदाभर 'पोलिसांनी तुमचा संगणक बंद केला आहे, दंड भरा' असे पान येते. ते बहुधा नुसते वेबपान असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि तिथून ब्राउझर बंद करावा. फाईल नीट उघडत असतील तर कुलूप लागलेलेच नाही.

खऱ्या हल्ल्यात फाईलची नावे बदलतात आणि खंडणीची चिठ्ठी मिळते. घरगुती संगणकांना ज्याने सर्वाधिक छळले, त्या 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' नावाच्या रॅन्समवेअरची खूण ठरलेली होती. चिठ्ठीत ९८० डॉलरची मागणी आणि ७२ तासांत संपर्क साधल्यास निम्मी, म्हणजे ४९० डॉलर. तो पसरला मुख्यतः फुकटच्या सॉफ्टवेअरमधून. महागडे फोटो एडिटिंगचे सॉफ्टवेअर किंवा विंडोज 'क्रॅक' करून देणारी फाईल उतरवायची, ती सांगते म्हणून अँटीव्हायरस बंद करायचा आणि ती चालवायची. पुढे पडद्यावर 'विंडोज अपडेट'ची खोटी खिडकी दिसते आणि तिच्याआड फाईलना कुलपे लागत जातात. दुसरी वाट ईमेलची. बिल किंवा नोटीस म्हणून आलेल्या फाईलच्या नावात 'पीडीएफ' दिसते, पण शेवटी 'ईएक्सई' असते. तो कागद नसून प्रोग्राम असतो.

पहिल्या दहा मिनिटांत

सर्वप्रथम वायफाय बंद करावे किंवा नेटची वायर काढावी. जोडलेले पेन ड्राइव्ह आणि बाहेरची हार्ड डिस्क लगेच काढावी, कारण कुलपे तिथेही लागतात. फाईलची नावे डोळ्यांदेखत बदलत असतील, तर संगणक थेट बंद करावा. पडद्यावरच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. कुलूपबंद फाईल मात्र पुसू नयेत आणि घाईघाईने संगणक फॉरमॅट करून घेऊ नये.

नंतर सफाई. विंडोज १० आणि ११ मध्ये 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' अशी सोय आहे. ती विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी करते, त्यामुळे लपलेल्या प्रोग्रामला हालचाल करायला वाव राहत नाही. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही सफाईची साधने मोफत आहेत. डीजेव्हीयूबरोबर अनेकदा पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही येत असे. म्हणून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलावेत, तेही दुसऱ्या, स्वच्छ मोबाइल किंवा संगणकावरून.

फाईल परत मिळतील का?

इथे अनेकांची गल्लत होते. व्हायरस काढला म्हणजे फाईल उघडतील, असे नाही. चोराला घराबाहेर काढले, तरी किल्ली त्याच्याच खिशात राहते.

तरीही काही वाटा आहेत. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन संगणक सुरक्षा कंपन्यांनी जुलै २०१६ मध्ये 'नो मोअर रॅन्सम' हे संकेतस्थळ सुरू केले. तिथे कुलूपबंद फाईलचा नमुना आणि चिठ्ठी दिली की रॅन्समवेअरचा प्रकार कळतो आणि त्याची किल्ली सापडलेली असेल तर ती मोफत मिळते. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'एम्सिसॉफ्ट' कंपनीने डीजेव्हीयूच्या १४८ प्रकारांवर असे मोफत साधन दिले. नंतरच्या प्रकारांत हल्ल्याच्या वेळी संगणकाला नेट असेल तर प्रत्येक संगणकाला वेगळी किल्ली लागते आणि ती सापडत नाही. नेट नसेल तर एकच ठरलेली किल्ली वापरली जाते, तिथे आशा असते. आज न उघडणारी फाईल उद्या उघडू शकते, म्हणून ती जपून ठेवायची. शिवाय डीजेव्हीयू प्रत्येक फाईलचा सुरुवातीचा सुमारे १५० किलोबाइटचाच भाग विस्कटतो. त्यामुळे लग्नाचे मोठे व्हिडिओ दुरुस्त होण्याची शक्यता छोट्या फोटोंपेक्षा जास्त असते. गूगल ड्राइव्हवर फाईल असतील, तर तिथे जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवस राहतात. त्या मुदतीत परत घेता येतात.

पैसे द्यावेत का? २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या'चा हल्ला झाला, तेव्हा न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातले एक टर्मिनल ठप्प झाले. कंटेनरचे काम हाताने करावे लागले, बाहेर ट्रक खोळंबले. पडद्यावर खंडणी मागितली होती, पण त्या प्रोग्राममध्ये फाईल परत देण्याची सोयच नव्हती. पैसे भरणाऱ्याचे पैसेही गेले असते आणि फाईलही. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावरही रॅन्समवेअरचा हल्ला झाला होता. चोराच्या शब्दावर भरवसा ठेवण्यापेक्षा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा बीडच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार करावी. पैसे गेलेच असतील, तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा.

वीज गेली म्हणून वाचलेली प्रत

न्हावा शेवाचे ते टर्मिनल 'मर्स्क' या डॅनिश उद्योगसमूहाचे. त्याच हल्ल्यात मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. सगळ्या जाळ्याचा कणा असलेल्या माहितीच्या प्रती जगभर ठेवलेल्या होत्या, पण त्या एकमेकींशी जोडलेल्या असल्याने एकाच वेळी नष्ट झाल्या. एक प्रत तेवढी उरली, आफ्रिकेतल्या घानाच्या कार्यालयात. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती आणि तो संगणक बंद होता. त्या एका प्रतीवरून कंपनीचा कारभार पुन्हा उभा राहिला.

भारनियमन सोसलेल्या बीडकरांना यातला धडा वेगळा समजावून सांगायला नको. जी प्रत कशालाच जोडलेली नाही, तिला कुलूप लावता येत नाही. बाहेरची हार्ड डिस्क किंवा मोठा पेन ड्राइव्ह बाजारात मिळतो. महिन्यातून एकदा महत्त्वाच्या फाईल त्यावर उतरवायच्या, लगेच काढून कपाटात ठेवायचा आणि आणखी एक प्रत पुण्यातल्या मुलाकडे किंवा गावातल्या नातेवाइकाकडे द्यायची. दर वेळी त्यावरचे दोन-चार फोटो उघडूनही पाहायचे. प्रत घेतली होती, पण ती उघडतच नाही, हे संकटाच्या दिवशी कळून उपयोग नसतो.